पिल्लू कुठून आणायचं? एका घराच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

घरात चार माणसं. नोकरी करणारे आई-बाबा, ७ वर्षांची मुलगी आणि काठी घेऊन चालणारी आजी. पाचवी मनी, ९ वर्षांची, नसबंदी झालेली, कधीच बाहेर न जाणारी शांत मांजर. तिची शेवटची लस ३ वर्षांपूर्वीची. घर चौथ्या मजल्यावर, खोल्या दोन. मुलीला पिल्लू हवं होतं. आजीचा विरोध नव्हता, फक्त एक अट होती : "पायात पायात करणारं नको गं बाई."

पिल्लू शोधतोय म्हटल्यावर एका आठवड्यात तीन ठिकाणांहून निरोप आले. पहिलं पिल्लू ऑनलाइन जाहिरातीतलं : लांब केस, चपटं नाक, "शुद्ध जात, दोन महिने पूर्ण, लसी सगळ्या झालेल्या". दुसरा निरोप एका रेस्क्यू गटाच्या स्वयंसेविकेचा. तिच्या घरी एका वेतातली तीन पिल्लं वाढत होती, वय १० आठवडे. तिसरी खबर त्यांच्याच इमारतीतली. जिन्याखाली दोन पिल्लं सापडली होती आणि खालच्या मजल्यावरच्या काकू मागे लागल्या होत्या, "आजच घेऊन जा, आई सोडून गेलीय त्यांना."

घरातली चर्चा "विकत घ्यायचं की दत्तक" इथून सुरू झाली. या विभागणीतून फारसं काही कळत नाही. आई-बापाच्या जनुकीय तपासण्या करून, पिल्लू १२-१३ आठवड्यांचं झाल्याशिवाय हातात न देणारे ब्रीडर असतात. उलट, जागा नसताना पिल्लं कोंबून ठेवणारे निवारेही असतात आणि तिथून सर्दी, डोळे, जुलाब सगळं सोबत येतं. पिल्लू पुढे कसं निघेल हे बरंचसं त्याच्या पहिल्या १०-१२ आठवड्यांत ठरतं. ते कुठे वाढलं, आईजवळ किती राहिलं, माणसाच्या हातात किती आलं, आजूबाजूला आणखी किती मांजरं होती, यावर सगळं अवलंबून असतं. तेव्हा तिन्ही ठिकाणी एकच विचारायचं, हे आठवडे दाखवता का? आणि नाही जमलं तर पिल्लू परत घेणार का?

जाहिरातीतलं पिल्लू

फोनवरचा माणूस गोड बोलत होता. "ताई, पिल्लू एकदम तयार आहे, तुम्ही सांगाल तिथे आणून देतो. थोडी रक्कम आधी पाठवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला देणार नाही." आईने आग्रह धरला की चालू फोनवर पिल्लू दाखवा, वजनकाट्यावर ठेवा, तोंड उघडून दात दाखवा. आग्रह अगदी योग्य होता. असे विकणारे बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाचे फोटो लावतात, आणि चालू फोनवर पिल्लू दाखवायची वेळ आली की फोन उचलायचे थांबतात. हा माणूस निदान खरं पिल्लू दाखवू शकला.

काट्यावर वजन आलं ५२० ग्रॅम. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढतं. दोन महिन्यांचं निरोगी पिल्लू ९०० ग्रॅम ते एक किलोच्या आसपास भरतं. केवळ वजनावरून वय ठरवू नये, कारण जंतांनी पोखरलेलं ८ आठवड्यांचं पिल्लूही हलकं भरतं. म्हणून दात बघायचे. पुढचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, दाढा त्यानंतर, आणि ८ आठवड्यांपर्यंत दुधाचे सगळे २६ दात आलेले असतात. या पिल्लाला सुळे होते, पण मागच्या दाढा नीट वर आलेल्या नव्हत्या. डोळे अजून धुरकट निळे होते. बहुतेक पिल्लांचा डोळ्यांचा जन्मजात निळा रंग ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान बदलायला लागतो. तिन्ही खुणा एकत्र ठेवल्या तर वय पाच आठवड्यांच्या आसपास निघत होतं.

मग लसीचं कार्ड. त्यावरची पहिली तारीख आठवड्यापूर्वीची होती, म्हणजे लस दिली तेव्हा पिल्लू चार आठवड्यांचं. घरगुती पिल्लाला पहिली लस ६ ते ८ आठवड्यांनी देतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्यं तोपर्यंत पिल्लाच्या रक्तात असतात आणि ती लसच निष्प्रभ करतात. त्यांचा अंमल कुठल्या पिल्लात कधी संपेल ते बाहेरून कळत नाही, म्हणूनच दर ३-४ आठवड्यांनी डोस देत १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत जावं लागतं. पाच आठवड्यांच्या पिल्लाच्या कार्डावर "लसीकरण पूर्ण" लिहिलेलं असेल तर त्या कार्डावरची बाकीची नोंदही धरून चालू नये. बाटलीचं लेबल, बॅच क्रमांक, पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक, यातलं इथे काहीच नव्हतं.

आई-मांजर दाखवा म्हटल्यावर "ती गावाला दुसऱ्या घरी आहे" असं उत्तर आलं. इथे विषय संपायला हवा होता. तरी बाबांचं मन अडलं होतं, कारण पिल्लू दिसायला खरंच देखणं होतं आणि "त्या माणसाकडून सोडवल्यासारखं होईल" असं त्यांना वाटत होतं. ही भावना समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम उलटा होतो. पिल्लू विकलं गेलं की आईला पुढच्या वेतासाठी लावलं जातं. मांजरीचे दिवस फक्त ६३ ते ६५, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते.

या जातीबद्दल आणखी एक गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती. चपट्या नाकाच्या, लांब केसांच्या पर्शियन मांजरांमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. दोषी जनुकाची एकच प्रत पुरते. म्हणजे आई-बापांपैकी एकाकडे ती असली तरी प्रत्येक पिल्लाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. गाठी जन्मापासून असतात, पण त्रास बहुतेकदा मध्यम वयात सुरू होतो, तोवर मांजर घरातलं झालेलं असतं. यासाठी रक्ताची किंवा गालातल्या फायाची साधी जनुकीय चाचणी आहे. जातिवंत पिल्लू घ्यायचंच असेल तर दोन्ही पालकांचा हा अहवाल मागावा. मेन कून किंवा रॅगडॉल या जातींचं पिल्लू असेल तर हृदयाच्या स्नायूच्या आजाराचा अहवाल मागावा. आणि दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड कुठूनच घेऊ नये. ज्या दोषाने कान दुमडतो तोच दोष सांध्यांच्या कूर्चेत असतो, त्यातून एकही दुमडलेल्या कानांचं मांजर सुटत नाही.

जिन्याखालची दोन पिल्लं

"आई सोडून गेली" हे वाक्य बहुतेक वेळा खोटं ठरतं. मांजर शिकारीला, खायला किंवा नवी जागा शोधायला काही तास पिल्लांपासून लांब राहते, आणि माणसं जवळ उभी असली तर परतत नाही. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते हाही एक गैरसमज आहे.

मुलीच्या आईने काकूंना पिल्लं उचलू दिली नाहीत, जवळ जाऊन फक्त पाहिलं. पोटं गोल, अंग गरम, दोघं एकमेकांवर पाय टाकून झोपलेली. उपाशी पिल्लू असं झोपत नाही. ते सतत ओरडतं, अंग गार पडतं, पोट आत जातं. मग त्यांनी खोक्याभोवती पिठाची पातळ रेघ ओढली आणि सगळ्यांना तिथून हटवलं. तीन तासांनी रेघेवर मोठ्या पंज्यांचे ठसे होते. पिल्लं चार आठवड्यांची, नुकती डुगडुगत चालायला लागलेली, आणि आई अर्थातच त्यांच्याजवळ येऊन जात होती.

त्याच दिवशी ती घरात आणली असती तर काय झालं असतं? चार आठवड्यांचं पिल्लू जेमतेम मऊ खाणं चाटायला लागलेलं असतं. त्याला पिल्लांसाठीच्या दुधाची पावडर दर काही तासांनी लागते. गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि ४०० ग्रॅमच्या जिवाला जुलाबातून सुकायला एक दिवस पुरतो. पाजताना पिल्लाला उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं, ते पोटावर टेकलेलं हवं. हे सगळं जमलं तरी आई आणि भावंडांकडून मिळणारं शिक्षण बुडतंच. चावा किती जोरात लागला की खेळ थांबतो हे पिल्लू भावंडांच्या किंकाळीतून शिकतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५,७०० हून जास्त मांजरांची माहिती तपासली गेली. ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त दिसला, आणि १४ आठवड्यांनंतर वेगळं केलेल्यांत अनोळखी माणसांवर धावून जाणं कमी. सात वर्षांची मुलगी आणि हातावरची कातडी पातळ झालेली आजी असलेल्या घरात ही बाब पुस्तकी नव्हती.

उलट बाजूही आहे. पिल्लू माणसाळण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. आई बुजरी असेल आणि पिल्लं जिन्याखालीच १२ आठवड्यांची झाली तर ती माणसाला बघून पळणारी होतात, मग त्यांना वळवायला महिने जातात. तेव्हा "८ आठवडे तिथेच राहू द्या" हा सल्ला सरसकट देता येत नाही. इथे आई धीट निघाली, काकूंच्या हातून खात होती. मार्ग रेस्क्यू गटाने सुचवला : आई आणि पिल्लं एकत्रच काकूंच्या रिकाम्या न्हाणीघरात हलवायची. काकू आधी कां-कूं करत होत्या. नंतर त्यांनीच खोक्याला कापड शिवलं.

या घराला तिथे जायला मज्जाव नव्हता, मात्र अट होती. वर येताना कपडे बदलायचे, हात साबणाने धुवायचे, चपला बाहेर. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू बुटांच्या तळव्यांवरून येतो आणि वातावरणात वर्षभर टिकू शकतो. तीन वर्षं लस न घेतलेल्या मनीला तो घरपोच देणं कुणालाच परवडलं नसतं.

फॉस्टर घर

फॉस्टर घर म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लं सांभाळणारं घर, इथे स्वयंसेविकेचं. तिने फोनवर पिल्लाबद्दल फारसं सांगितलंच नाही, आधी प्रश्न विचारले. मोठी मांजर किती वर्षांची, नसबंदी झाली का, लस कधी, खिडक्यांना जाळी आहे का, दिवसा घरी कोण, घरात लिलीची फुलं येतात का. बाबांना ही उलटतपासणी वाटली. पण विकण्याची घाई असलेला माणूस खिडक्यांबद्दल विचारत नाही. लिलीचा प्रश्नही उगाच नव्हता. खऱ्या लिलीचं पान, फूल, इतकंच काय अंगावर पडलेला परागही चाटण्यात गेला तर मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात.

प्रत्यक्ष भेटीत बघायच्या गोष्टी या घराने बऱ्यापैकी बघितल्या. आई-मांजर समोर होती, तिची नसबंदी झालेली. ती गाभण असताना आली होती, त्यामुळे पिल्लांचा जन्मच या घरातला. भिंतीवर रोजच्या वजनाचा कागद. शौचाची पेटी कोरडी, खोलीला आंबूस वास नाही. घरात एकूण मांजरं पाच, म्हणजे नजर ठेवता येईल इतकी. वीस-पंचवीस मांजरं एकाच जागेत असली की मांजरांचा कोरोनाविषाणू सगळ्यांत फिरतो. बहुतेकांना त्याने हगवणीपलीकडे काही होत नाही, पण काहींत तो बदलून एफआयपी हा जीवघेणा आजार होतो आणि तो जास्त करून दोन वर्षांच्या आतल्या मांजरांनाच गाठतो. औषध आता आहे, पण अनेक आठवडे चालतं. तेव्हा गर्दी मोजणं हा निवडीचा भाग आहे, मग जागा कितीही प्रेमळ असो.

पिल्लाला हातात घेतल्यावर काय तपासायचं? हिरड्या गुलाबी हव्यात, पांढुरक्या असतील तर पिसवांनी रक्त प्यायलेलं असू शकतं. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखी काळपट घाण म्हणजे कानातले माईट. मानेची कातडी चिमटीत उचलून सोडली की लगेच बसली पाहिजे. पोट टम्म आणि पाठीचा कणा हाताला लागत असेल तर जंत. शेपटीखाली चिकट डाग म्हणजे जुलाब. डोळ्यांत पाणी आणि शिंका एकत्र असतील तर नागीण गटातल्या विषाणूचा संशय घ्यावा. तो एकदा शिरला की अंगात दबा धरून राहतो आणि घर बदलण्याच्या ताणात पुन्हा डोकं वर काढतो. या तिघांत असं काही नव्हतं. नोंदवहीत ४, ६, ८ आणि १० आठवड्यांना जंताचं औषध होतं. मांजरीचे गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात जातात, म्हणून सुरुवात इतक्या लवकर करावी लागते. पहिली लस ८ आठवड्यांना, लेबलसह. आईची आणि पिल्लांची ल्युकेमियाच्या विषाणूची चाचणी निगेटिव्ह. एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या विषाणूची) चाचणी केलेली नव्हती आणि ते बरोबरच होतं. ती चाचणी प्रतिकारद्रव्यं शोधते, आणि आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं सहा महिन्यांपर्यंत खोटा पॉझिटिव्ह दाखवू शकतात.

एक अडचण मात्र समोर आली. तिघांपैकी एका पिल्लाच्या कानामागे नाण्याएवढी केस गेलेली जागा होती. स्वयंसेविकेनेच ती दाखवली आणि म्हणाली, "गजकर्ण असू शकतं. अतिनील दिव्याखाली चमकलं नाही, पण त्याचा भरवसा नाही. कल्चर लावलंय, म्हणजे प्रयोगशाळेत केसांवर बुरशी उगवते का ते बघतात. अहवाल येईपर्यंत एकही पिल्लू देणार नाही." कल्चरला १४ दिवस, कधी २१ लागतात. मुलगी हिरमुसली. पण मांजराचं गजकर्ण माणसाला लागतं, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना पटकन लागतं, आणि घरातून ते काढायला महिने जातात. कुठलं ठिकाण चांगलं हे ओळखायचं तर याहून स्वच्छ खूण मिळणार नाही. आपल्याकडचा दोष तिथे आधी दाखवला जातो आणि पिल्लू थांबवून ठेवलं जातं.

हे दोन आठवडे वाया गेले नाहीत. मनीला पशुवैद्याकडे नेऊन लस दिली आणि तिचीही ल्युकेमियाची चाचणी केली. लोक नव्या पिल्लाची तपासणी करतात आणि जुन्या मांजराला गृहीत धरतात. तिचा विषाणू पिल्लाला लागणार नाही असं कुणी सांगितलं? खिडक्यांना जाळी बसवली. नियम साधा आहे, पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून अंगही जातं. वॉशिंग मशिनच्या मागची फट पुठ्ठ्याने बंद केली. एक खोली पिल्लासाठी मोकळी केली.

करारपत्राचे तीन मुद्दे होते. पाच महिन्यांच्या आत नसबंदी करून दाखला पाठवायचा, पिल्लू परस्पर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, आणि ठेवणं अशक्य झालं तर कधीही, कितीही वर्षांनी, गटाकडेच परत आणायचं. मायक्रोचिप बसवलेली होती. कागदावरचा १५ आकडी क्रमांक वाचक यंत्राने समोरासमोर ताडून बघितला आणि नोंद नव्या मालकाच्या नावावर करून घेतली. ही दुसरी पायरी राहिली तर हरवलेल्या मांजराचा फोन जुन्या माणसाला जातो.

तिघांपैकी कोण

मुलीला कपाटामागे लपलेली करडी-तपकिरी हवी होती, "तिला कुणीच नाही ना म्हणून." बाबांना भगवा बोका आवडला, तो थेट मांडीवर चढला होता. शेवटी काळीपांढरी भाटी ठरली, आणि ती ठरवली फॉस्टर घरातल्या माहितीने. त्या घरात एक जुनी मांजर होती. भगवा तिच्या शेपटीवर रोज झडप घालायचा, ती फिसकारली तरी पुन्हा. करडी मोठ्या मांजरीला घाबरून दिवसभर बाहेर यायची नाही. काळीपांढरी एकदा फिसकारलं की मागे सरायची, थोड्या वेळाने लांबून बसून बघायची. नऊ वर्षांच्या मनीसोबत राहायला हाच गुण लागतो. पिंजऱ्यात तासभर पाहून तो कळत नाही. मोठ्या मांजरासोबत वाढलेलं पिल्लू बघायला मिळणं हा फॉस्टर घराचा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि ज्या घरात आधीपासून मांजर आहे त्यांनी तो सोडू नये.

स्वयंसेविकेने दोन पिल्लं एकत्र न्यायचा सल्ला दिला होता. घराने एकच नेलं, दोघांचा खर्च आणि आजीच्या पायात दोन जीव नकोत म्हणून. इथे आमचं मत वेगळं आहे. जोडी असती तर पिल्लांनी आपली मस्ती एकमेकांवर काढली असती, मनी आणि आजी दोघीही जास्त मोकळ्या राहिल्या असत्या. आजीच्या अटीचा विचार केला तर सगळ्यात सरळ उत्तर दोन-तीन वर्षांचं दत्तक मांजर हे होतं, त्याचा स्वभाव आधीच घडलेला असतो. पण मुलगी त्याला तयार नव्हती आणि ज्याने वाढवायचं त्याचं मन नसेल तर योग्य उत्तरही टिकत नाही. एकच पिल्लू घ्यायचं ठरल्यावर मग दिवसात चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं, दोरीच्या काठीने दमवणं हे कामाच्या यादीत आलं. हाताने खेळवायचं नाही, नाहीतर बोटं हीच शिकार असं ते शिकतं.

घरी आल्यावर

कल्चर निगेटिव्ह आलं, टक्कल खेळातल्या ओरखड्याचं होतं. १२ आठवड्यांची दुसरी लस तिथेच झाली आणि साडेबारा आठवड्यांचं, १.३ किलोचं पिल्लू घरी आलं. मोकळ्या खोलीत १४ दिवस वेगळं, कारण अंगात दबलेला बहुतेक संसर्ग तेवढ्या दिवसांत दिसतो.

तिसऱ्या दिवशी जुलाब. पिशवीत आठवडाभराचं जुनं खाणं दिलेलं असताना बाबांनी "जास्त चांगलं" म्हणून दुसरं सुरू केलं होतं. पिल्लू खेळत होतं, खात होतं, वजन घटलं नव्हतं, म्हणून शौचाचा नमुना तपासायला दिला, जुनं खाणं परत सुरू केलं आणि तीन दिवसांत शौच घट्ट झालं. नमुन्यात काही निघालं नाही. पुढे नवं खाणं दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत वाढवलं. उलट्या, सुस्ती किंवा १२ तास खाण्याला तोंड न लावणं यातलं एक जरी सोबत असतं तर वाट बघायची नव्हती, त्याच दिवशी दवाखाना. पॅनल्यूकोपेनिया असाच सुरू होतो.

ओळख करून देण्याचा क्रम असा होता : आधी एकीच्या अंगावर फिरवलेलं फडकं दुसरीच्या जेवणाच्या ताटलीखाली, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग दाराच्या फटीतून दर्शन, मग दहा मिनिटांची भेट. पाचव्या दिवशी मुलीने दार उघडं टाकलं. मनी आत शिरली, फिसकारली, आणि संध्याकाळी आजीच्या गादीवर लघवी करून आली. रागावण्याचा इथे काही उपयोग नसतो. मांजर सूड घेत नसतं, तिची जागा तिला सुरक्षित वाटत नसते. क्रम दोन पायऱ्या मागे नेला. गादी एन्झाइमच्या द्रावणाने धुतली, कारण साध्या साबणाने माणसाला वास येईनासा होतो पण मांजराला येतच राहतो.

तिसऱ्या आठवड्यात दोघी एकत्र फिरू लागल्या आणि जोडी न घेतल्याचा हिशोब समोर आला. खेळायला दुसरं कुणी नसल्याने पिल्लू मनीला तिच्या शौचाच्या पेटीच्या तोंडाशीच गाठायचं. पेट्या दोन होत्या, त्याही शेजारीशेजारी. मांजरांच्या हिशोबाने शेजारच्या दोन पेट्या म्हणजे एकच पेटी. तिसरी आणली, तिन्ही वेगवेगळ्या जागी ठेवल्या, मनीच्या पेटीचं झाकण काढलं, म्हणजे तिला दोन बाजूंनी बाहेर पडता येईल. संध्याकाळचा खेळ मनीच्या जेवणाआधी उरकायला सुरुवात केली. पिल्लाच्या गळ्यात घुंगरू बांधावं ही आजीची सूचना. ओढ बसली की सुटणाऱ्या बकलाचा पट्टा घेऊन ती अमलात आणली, आणि पायात येण्याच्या तक्रारी खरंच कमी झाल्या.

या काळात स्वयंसेविकेला आठ-दहा फोन झाले. जुलाब, लघवी, पेटी, प्रत्येक वेळी. जाहिरातीतल्या माणसाचा क्रमांक तोवर बंद झाला होता.

तिसरी लस आणि रेबीजची लस १६ आठवड्यांना झाली. नसबंदी २० आठवड्यांना, वजन २.१ किलो. मादी चार महिन्यांपासून माजावर येऊ शकते, त्यामुळे "एकदा माज येऊन जाऊ दे" म्हणत थांबण्यात अर्थ नसतो. दाखल्याचा फोटो गटाला पाठवला. जिन्याखालची दोन्ही पिल्लं तोवर ९ आठवड्यांची होऊन, पहिली लस आणि चाचणी उरकून, एकत्रच एका घरी गेली होती. त्यांच्या आईची नसबंदी दूध आटल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी केली. नसबंदी झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापून तिला पुन्हा खाली सोडायचं ठरलं होतं, पण काकूंनी कान कापू दिला नाही. ती आता त्यांच्या न्हाणीघरातून बाहेरच्या खोलीत आली आहे. काळ्यापांढरीचा एक डोस २६ आठवड्यांचा बाकी आहे, आणि मनीच्या वार्षिक तपासणीची तारीख त्याच दिवशी घेतली आहे.